पिग लाइनमध्ये असताना

समुद्राच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पाइपलाइनमध्ये एका टोकाला पिग सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला तो घ्यायचा, हे काम मी वीसेक वर्षं केलं. मी घेणारा होतो. सोडणारा माणूस दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर, पंचवीस-तीस किलोमीटर लांब. आम्ही एकमेकांना फक्त आवाजाने ओळखायचो. चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस पुण्यात, बिबवेवाडीतल्या फ्लॅटवर, असं आयुष्य गेलं. सोसायटीतल्या निम्म्या लोकांना वाटायचं मी जहाजावर असतो, आणि उरलेल्यांना वाटायचं मी रिकामटेकडा आहे, कारण दोन-दोन आठवडे मी सकाळी दहा वाजता पायजम्यावर भाजी आणताना दिसायचो.

पिग म्हणजे डुक्करच. कुणी म्हणतं, सुरुवातीचे पिग पाइपातून जाताना डुकरासारखे किंचाळायचे म्हणून हे नाव पडलं. खरंखोटं मला माहीत नाही. आमच्याकडचे मुकाट्याने यायचे. पाइपच्या आतल्या मापाच्या जाड रबरी चकत्या एका दांड्यावर बसवलेल्या आणि त्यांना तारेचे ब्रश. बाटली धुवायचा ब्रश असतो ना, तसलंच काम. फक्त तो ढकलायला मागून तेलाचाच दाब असतो. आमच्या तेलात मेण फार होतं. थंडीत समुद्राचं पाणी गार झालं की ते पाइपला आतून धरायचं, मग वाट अरुंद व्हायची, आणि पिग ते खरवडत माझ्याकडे आणायचा. माझ्या बाजूला रिसिव्हर, म्हणजे एक आडवं लांबट पिंप, त्याच्या तोंडाला जाड लोखंडी दार. पिग आत येऊन बसला की मागचे व्हॉल्व्ह बंद करायचे, पिंपातला दाब सोडायचा, तेल काढून घ्यायचं, आणि सगळं शांत झाल्याची खात्री पटली की मगच दार उघडायचं. आत थोडा जरी दाब अडकून राहिला असेल, तर ते दार पुढे उभ्या असलेल्या माणसाची गय करत नाही.

माझी बायको शनिवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. स्टाफरूममध्ये ती सांगायची, "आमचे हे अरबी समुद्राची गटारं तुंबू देत नाहीत." मी समुद्रावरून फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, आलं का तुमचं डुक्कर?" आवाज मोठा नव्हता तिचा. पण साठ मुलींचा वर्ग ती आवाज न चढवता गप्प करायची, आणि स्वारगेटहून उगाच लांबच्या रस्त्याने नेणाऱ्या रिक्षावाल्याला शांतपणे म्हणायची, "दादा, सिंहगड पाहिलाय आम्ही, आज घरीच जाऊ या." मी मुळात कमी बोलणारा. आमच्या घरात दोघांच्या वाटचं तीच बोलायची आणि मला ते बरं वाटायचं.

आता नियमाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं. पिग लाइनमध्ये असताना घेणारा माणूस बदलायचा नाही. अर्धा नियम कागदावर होता, अर्धा आमचा आम्ही पाळलेला. पूर्वी एकदा बदलीच्या गडबडीत पहिल्याने सांगितलं एक आणि दुसऱ्याने समजून घेतलं भलतंच. कुठला व्हॉल्व्ह उघडा आहे याचा घोळ झाला आणि दारासमोरच्या माणसाचा डोळा गेला. तेव्हापासून ज्याने 'पिग सोडला' हा निरोप घेतला, त्यानेच तो बाहेर काढायचा. मग तुमचे चौदा दिवस भरोत, नाहीतर हेलिकॉप्टर वर घिरट्या घालो.

माझ्या जागेवर आलटून पालटून येणारा माणूस नागपूरकडचा. मी घरी असलो की तो समुद्रावर, तो घरी असला की मी. त्यामुळे इतक्या वर्षांत आम्ही दोघं दर वेळी तासभर भेटलो असू. एकदा मी बदलीला पोचलो तेव्हा त्याचा पिग लाइनमध्ये होता आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तो म्हणाला, "घ्या न भाऊ चार्ज, मी निघतो." मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून थांबलो नाही, चार लोकांसमोर नियम ऐकवला आणि गेलेल्या डोळ्याची आठवण करून दिली. पिग दोन दिवसांनी आला. साखरपुडा त्याच्याशिवाय झाला. मला माझा तेव्हा अभिमान वाटला होता, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या हिवाळ्यात बायकोचा आवाज बसला. आधी वाटलं, खडूची धूळ. मग वाटलं, हवा. तीन महिने काढे आणि गुळण्या झाल्यावर आम्ही कानाघशाच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि तिथून पुढे जे होतं ते सगळं झालं: दुर्बीण, तुकडा काढणं, रिपोर्टची वाट. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. तिने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. तिने विचारलं, "मग मलाच कसा?" डॉक्टर सभ्य होते, म्हणाले, "अहो, होतं असंही." गाठ अशा ठिकाणी होती की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. गळ्याला श्वासासाठी भोक राहील आणि आवाज राहणार नाही. नंतर यंत्र लावून बोलता येतं वगैरे त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बोलता येतं, पण आवाज राहत नाही. समजलं."

ऑपरेशनचा गुरुवार ठरला. मध्ये तीन आठवडे होते आणि माझी समुद्राची पाळी आली होती. मी रजा टाकणार होतो. तीच म्हणाली, "घरात बसून माझ्या तोंडाकडे बघत राहणार त्यापेक्षा जा. रजा नंतर लागेल." मी मंगळवारी सुटणार होतो, संध्याकाळी पुण्यात. गुरुवारी सकाळी ऑपरेशन. निघताना दारात तिने मला अडवलं, आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "मला एक अख्खा बुधवार हवाय. मी बोलणार, तुम्ही ऐकायचं. मला काही गोष्टी सांगायच्यात." मी म्हटलं, आत्ता सांग की. "आत्ता तुमचं लक्ष बॅगेत आहे," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

सोमवारी दुपारी पलीकडून निरोप आला, पिग सोडला. मी वेळ लिहून घेतली. संध्याकाळ उलटताना यायला हवा होता. आला नाही. असं होतं अधूनमधून. समोर मेणाचा ढीग साचतो, पिग अडतो, मागे दाब चढतो आणि मग तो सुटतो. मंगळवार उजाडला तरी रिसिव्हरवरचा सिग्नल आडवाच. हा सिग्नल म्हणजे पाइपवर बसवलेली एक छोटी पट्टी. खालून पिग गेला की ती उभी होते.

अकराच्या हेलिकॉप्टरने नागपूरकर उतरला. त्याला माझ्या घरचं सगळं माहीत होतं. बॅग खाली ठेवायच्या आधीच तो म्हणाला, "तुम्ही जा न भाऊ. मी पाहून घेतो. पिग काय तुमचा सख्खा भाऊ आहे का?" आमचे साहेबही म्हणाले, तुम्ही दोघं मिळून ठरवा, मी आडवा येणार नाही. हेलिकॉप्टरचा पंखा फिरत होता, माझी जागा रिकामी होती. आणि मी म्हटलं, "नको. माझा पिग लाइनमध्ये आहे."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. नियमाची भीती नव्हती मला. चार लोक होते तिथे, तेच चार. मी त्याच्या मुलीचा साखरपुडा बुडवला होता आणि आता त्याच्याच मेहेरबानीवर घरी निघालो असतो, तर ते मला सोसलं नसतं. तो मला ते कधीच ऐकवणार नव्हता. तेच जास्त झोंबलं. शिवाय हिशेब सोपा होता: पिग दुपारपर्यंत येईल, बुधवारी सकाळी काही इंजिनिअरांना न्यायला हेलिकॉप्टर आहे, त्यात जागा मिळेल, चार वाजेपर्यंत घरी. अख्खा नाही तर अर्धा बुधवार. घरी तसा मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, "अर्धा तर अर्धा."

बुधवारी सकाळी पलीकडचा दाब चढायला लागला. वीस वर्षांच्या अनुभवाने मी सांगितलं, आता तासाभरात सुटणार. इंजिनिअर बसले, हेलिकॉप्टर गेलं. तास गेला, दोन गेले. दाब चढला आणि आला तसा उतरला.

दुपारी तीनला मला राहण्याच्या मजल्यावरून बोलावणं आलं, घरून फोन आहे. त्या दिवशी नेट धड नव्हतं. मेसेज जायचे, आवाज तुटायचा. म्हणून तिने तिथल्या फोनवर केला होता. फोन जिन्याखालच्या कोपऱ्यात. खाली कॉम्प्रेसर चालू, भिंत थरथरत असायची. तिने विचारलं, "आलं का डुक्कर?" मी म्हटलं नाही. मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, असू दे, आता ऐका. मी ऐकायला लागलो. खरं सांगायचं तर एका कानाने. दुसरा कान भिंतीवरच्या स्पीकरकडे होता, कारण सिग्नल उभा राहिला की त्यावरूनच सांगणार होते.

तिने सुरुवात केली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचं काहीतरी होतं, मी पहिल्यांदा समुद्रावर गेलो तेव्हाचं. ती म्हणत होती, "तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण..." आणि स्पीकर बोलला. रिसिव्हर सिग्नल उभा आहे, रिसिव्हरवाल्याने यावं. माझ्या तोंडून निघालं, "थांब थांब, आला वाटतं!" मग भानावर येऊन म्हटलं, "काय म्हणालीस?" ती परत बोलली. बसलेला आवाज, खालची घरघर, आणि स्पीकरवर दुसऱ्यांदा तीच सूचना. मी म्हटलं, "ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोल ना." गाठ असलेल्या घशाला मी मोठ्याने बोल म्हटलं. ती बोलली. तिने जोर लावला हे मला कळलं, कारण आवाज मध्येच फाटला आणि नुसती हवा आली. शब्द एकही कळला नाही. मी म्हटलं, "तू ठेव, मी पाच मिनिटांत करतो, पिग आलाय." फोन ठेवल्याचा आवाज मात्र नीट ऐकू आला.

मी धावत खाली गेलो. नागपूरकर पिंपाजवळ उभा होता. व्हॉल्व्ह बंद केले, दाब सोडला, तेल काढलं, एकेक पायरी नियमाने, आणि दार उघडलं. आत मेण होतं. काळपट, ओल्या मातीसारखं, पिंप अर्धं भरेल एवढं. मेणाच्या गोळ्यानेच पट्टी उभी केली होती. पिग नव्हता. नागपूरकराने माझ्याकडे पाहिलं आणि तो बाजूला निघून गेला.

तोवर दोन तास झाले होते. त्याच फोनवरून तिचा मोबाइल लावला, तिच्या बहिणीने उचलला. बहीण म्हणाली, आम्ही हॉस्पिटलच्या वाटेवर आहोत, आजच दाखल व्हायचंय आणि तिने आता बोलायचं नाही असं ठरवलंय, घसा फार दुखतोय. मी मेसेज टाकला, "दुपारी काय सांगत होतीस?" बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "झोपते आता. उद्या लवकर उठवणार आहेत."

गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी सकाळी किनाऱ्यावरच्या ऑफिसातून एका ओळीचा निरोप आला, पिग अडकला असं धरून चाला, जुन्या माणसाला मोकळं करा. ज्या नियमासाठी मी थांबलो तो एका ओळीत संपला. मी नागपूरकराला चार्ज दिला. सगळं समजावून सांगायला दहा मिनिटं लागली आणि त्याला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. गळ्याला नळी, नाकाला नळी. तिने मला पाहिलं आणि हाताने पाटी मागितली. शाळेतल्या मुलींनी दिलेली पांढरी पाटी आणि पेन. वर्गात लिहायची त्याच सुरेख अक्षरात तिने लिहिलं, "आलं का?" मी म्हटलं, नाही. तिने लिहिलं, "अरेरे." एवढंच. ती चिडली असती तर मला पाय तरी धरता आले असते.

पिग तीन आठवड्यांनी आला. मी रजेवर म्हणून नागपूरकरच तिथे होता; त्याचा फोन आला, "भाऊ, आला तुमचा. दोन तुकड्यांत आला, काही त्रास नाही दिला." मी बायकोला सांगितलं. तिने लिहिलं, "पेढे वाटा."

गळ्याला लावायचं यंत्र आम्ही आणलं. ते घशाशी धरलं की ओठांच्या हालचालीतून खरखरीत, एकसुरी बोलणं ऐकू येतं. ती आठ-दहा दिवस नेटाने शिकली. मग एके दिवशी तिने आरशासमोर बसून मुलींना शिकवायची त्यांतली एक कविता म्हणून पाहिली. मी बाहेरच्या खोलीत होतो. मध्येच ती थांबली, यंत्र त्याच्या डबीत ठेवलं आणि डबी कपाटात वर. पाटीवर लिहिलं, "ह्याला मी ओळखत नाही." शाळा सुटली. भाजीवालीशी घासाघीस मी करायला लागलो आणि दर वेळी फसून यायला लागलो. त्या वर्षाअखेर मी नोकरी सोडली. आता घरात दोघंही कमी बोलणारी झालो, आणि तेव्हा मला कळलं की मी कमी बोलणारा नव्हतोच. मी ऐकणारा होतो, आणि तेही धड नाही.

तिचे जुने आवाजी मेसेज माझ्याकडे आहेत, दीड-दोनशे असतील. दूध जास्त घ्या. सिलिंडरवाला आला होता. गच्चीची किल्ली कुठे ठेवलीत, समुद्रात का? मी ते ऐकतो तेव्हा दार लावून घेतो. त्या दुपारी ती सांगत होती ते त्यांतल्या एकातही नाही.

आणि मी विचारत राहिलो. पहिल्या महिन्यात विचारलं, तिने लिहिलं, "आठवत नाही." सहा महिन्यांनी विचारलं, "महत्त्वाचं नव्हतं." लग्नाच्या वाढदिवसाला विचारलं, तेव्हा तिने पाटीच बाजूला सारली. तिच्या बहिणीला विचारलं, तिला माहीत नव्हतं. मी स्वतःच अंदाज करायचो. पहिलं वर्ष, मी समुद्रावर, तिने कुणाला न सांगितलेलं. कधी वाटायचं, काही दुःखाचं असेल, पोटात राहून गेलेलं, माझ्यामागे एकटीने सोसलेलं. आम्हाला मूल झालं नाही. कधी वाटायचं, काही साधं, आनंदाचं असेल. कुठलाच अंदाज पुरायचा नाही.

यंदा दिवाळीनंतर तिला धाप लागायला लागली. फुप्फुसात पसरलंय. डॉक्टर तेच, अजून तितकेच सभ्य. ते म्हणाले, आता आपण त्रास कमी कसा होईल ते बघू. परतताना रिक्षात तिने माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं; मला अक्षर लागलं नाही, आणि तिने परत लिहिलं नाही.

गेल्या रविवारी मी शेवटचं विचारलं. शेवटचं हे तेव्हाही माहीत होतं. ती खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. मी म्हटलं, मी त्या दिवशी चुकलो, मला माफ करू नकोस, पण काय सांगत होतीस ते लिही. मला त्याशिवाय राहता येणार नाही पुढे. तिने पाटी घेतली. लिहायला लागली, आणि लिहीतच राहिली, पूर्ण पाटी भरेपर्यंत, पाटी माझ्यापासून तिरकी धरून. मग तिने ती सगळी पदराने पुसली. पुन्हा लिहिलं, या वेळी थोडंच, आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"तेव्हा ते खरं होतं. आता लिहिते तर खोटं वाटतंय. चहा ठेवा."